बोक्यावरचा आळ

मी फणी बोलतेय. थांबा, लगेच डोक्याला लावू नका! मी तुमच्या केसांची नव्हे. मांजराच्या अंगावरच्या पिसवा काढणारी, बारीक दातांची फणी आहे मी. ओळख आधीच सांगितलेली बरी, कारण माझा कुणावर विश्वास नाही. दुसऱ्याच्या केसांत शिरून काय दडलंय ते बघायचं, हेच माझं काम. अशा कामात स्वभाव संशयी झाला तर नवल काय?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी दात इतके जवळजवळ बसवले, की केस सुटावा पण पिसू अडकावी. तपासनीस मला उजेडात धरून, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. त्याचाही कुणावर विश्वास नसावा. मला तो माणूस आवडला.

मग दुकानात खिळ्याला लटकणं नशिबी आलं. लोक मला हातात घेत, “एवढीशी फणी काय करणार?” म्हणत आणि शेजारची पिसवांच्या औषधाची, पानाफुलांच्या चित्राची बाटली उचलत. आत काय आहे, हे वाचायचे कष्ट कुणी घेत नसे.

अखेर एका मुलीनं मला घरी नेलं. तिचे बाबा जुने सोफे, खुर्च्या दुरुस्त करायचे. खाली त्यांची कामाची खोली, सगळीकडे स्पंज, काथ्या आणि कापडाचे तुकडे. वर राहतं घर. घरात बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, आणि एक धष्टपुष्ट पांढरा बोका. मुलीच्या अंथरुणाचा अर्धा भाग त्याच्या मालकीचा होता.

घरात पिसवा झाल्या होत्या. बाबांच्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या होत्या आणि खाजवून खाजवून ते वैतागले होते.

“गिऱ्हाइकांचं सामान येतं इथं,” ते म्हणाले. “कुणाच्या सोफ्यातून पिसू घरी गेली, तर माझ्या नावाला बट्टा लागेल. रविवारपर्यंत बघतो. नाहीतर बोका पलीकडच्या गोदामात सोडून येतो.”

“बाबा, तो घरातला आहे! तिथं त्याला कोण बघणार?” मुलीनं बोक्याला घट्ट धरलं.

“मग काढ त्याच्या पिसवा!”

ती कामाला लागली. बोक्याला मांडीवर घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत मला फिरवायची आणि अडकलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. माझ्या दातांत काळी कणी आली, की ओल्या कागदावर टाकायची. कणी तांबूस झाली की समजायचं, ही पिसवांची घाण, प्यायलेल्या रक्ताची. बोका आज स्वच्छ व्हायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला तेव्हाच शंका आली. ह्या येतात कुठून? अंथरूण तर ती रोज गरम पाण्यात धूत होती.

माझा संशय बाबांच्या खुर्चीवर होता. एका गिऱ्हाइकानं ती दुरुस्तीला टाकली होती आणि परत न्यायलाच आला नाही. त्याच्याकडे कुत्री होती म्हणे. बोका दुपारी तिथंच ताणून द्यायचा, आणि तिथून उठून आला की माझ्या दातांना भरपूर काम. पण फणीला विचारतो कोण?

आत्याला मात्र फार घाई झाली होती. तिनं लिंबाचं पाणी शिंपडून पाहिलं, लसूण ठेचून दारात ठेवला. शनिवारी तिनं कसल्याशा पाल्याचं उग्र वासाचं तेल आणलं.

“आत्या, हे मांजराला चालतं का?”

“अगं, झाडापाल्याचं आहे. त्यानं कुणाचं वाईट होतं का?” असं म्हणत तिनं बोक्याच्या पाठीवर ते चांगलं चोळलं.

बोका अंग चाटत बसला. थोड्या वेळानं त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय लटपटले. मुलगी रडत त्याला टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे धावली. मीही तिच्या खिशात होते. मला भयंकर राग आला होता आणि भीतीही वाटत होती.

“मांजराला ही तेलं पचत नाहीत,” डॉक्टरीण म्हणाली. “झाडाचं असलं तरी विष ते विषच. हा आठवडाभर इथंच राहू दे. फणी, साबणाचं पाणी, धुतलेली अंथरुणं, हे सगळं चांगलंय. पण पिसवांची अंडी अंगावरून खाली गळतात. घर तपासा. तरीही हटल्या नाहीत, तर मला विचारून औषध घ्या.”

आत्या आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. रविवार आला आणि गेला. बोका घरात नव्हता, तरी बाबा खाजवतच होते, उलट जास्तच.

“बाबा, आता कोण चावतंय हो तुम्हाला?” मुलीनं विचारलं.

बाबांनी आपण बसलोय त्या खुर्चीकडे पाहिलं. “आधी आतलं उपसायचं, मग कापड चढवायचं,” असं ते हाताखालच्यांना रोज बजावायचे. पण ही खुर्ची आता घरचीच झालेली, म्हणून जुन्या काथ्यावर त्यांनी नुसतं नवं कापड ठोकलं होतं. ते उठले, पकडीनं खिळे उपटले आणि कापड फाडलं. काथ्यात काळ्या कण्यांचा सडा पडला होता. एक पिसू टुणकन त्यांच्या मनगटावर बसली.

“मी त्या मुक्या जिवाला हाकलायला निघालो होतो,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी खुर्चीचा काथ्या पिशवीत घट्ट बांधून बाहेर टाकला, फटी झाडून काढल्या. बोका बरा होऊन घरी आला. मुलीच्या अंथरुणावर तो सरळ जाऊन झोपला. पण बाबांनी मला हातात घेतलं, की पाठीवर पुन्हा काही चोळतील या भीतीनं तो कपाटाखाली शिरायचा. आत्याच्या तर वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. इतके दिवस घरात संशयी मी एकटीच होते. आता तोही झाला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

रोज सकाळी बाबा मला हातात धरून कपाटापुढे जमिनीवर बसतात. बोलावत नाहीत, ओढत नाहीत. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे: ज्याला बोलता येत नाही, त्याच्यावर आळ घेण्याआधी आपली बसायची जागा उपसून बघा. आळ मिटतो, पण जनावराचा विश्वास लगेच परत येत नाही.

आज मात्र कपाटाखालून एक पांढरा पंजा बाहेर आला. बाबांनी मला बाजूला ठेवलं आणि रिकामा हात पुढे केला.