डोळे मिटून दाबायची कळ

"वहिनी, जो माणूस डोळे मिटायला सांगतो ना, त्याच्या हातांवर नजर ठेव," असं नणंद फोनवर म्हणाली तेव्हा वहिनीने ते हसण्यावारी नेलं होतं. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. घरातला दिवा मिणमिणला तरी त्याचं कारण शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "अगं, तो काय माझे दागिने मागतोय? कीबोर्डवर हात फिरवतोय, फिरवू दे," असं म्हणून हिने फोन ठेवला होता.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या टायपिंगच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. नर्सेस, वॉर्डबॉय, औषधांच्या काउंटरवरचे दोघे, सगळे टाचा उंचावून बघत होते. मधोमध उभे होते चुटकीबाबा. अंगात पांढरा झगा, हातात रेशमी रुमाल, आणि समोर कीबोर्ड.

"यंत्र म्हणजे निर्जीव डबा नव्हे, बाळांनो," बाबा म्हणाले. "तुम्ही त्याला बडवता, मी त्याला गोंजारतो. कंट्रोल म्हणजे काय? इंद्रियनिग्रह! शिफ्ट म्हणजे? या देहातून त्या देहात जाणं. आणि एन्टर म्हणजे प्रवेश. कुठे प्रवेश?"

"डिस्चार्ज कार्डात?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मोक्षात, मूर्खा!"

"वा!" साहेबांची मान डोलली. साहेब या खोलीचे प्रमुख. त्यांना स्वतःचा पासवर्ड दर सोमवारी दुसऱ्याला विचारावा लागे, पण मोक्षाचा पत्ता मात्र लगेच समजला.

मग यंत्रांना दीक्षा द्यायची वेळ आली. यंत्राला एकांत लागतो म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. बाबा आतून कडी लावून बसले, आणि बऱ्याच वेळाने घाम पुसत बाहेर आले. टायपिंग करणाऱ्या एकेकीच्या कानात त्यांनी दोन कळा सांगितल्या. अटी दोनच. कळा कुणाला सांगायच्या नाहीत, आणि दाबताना डोळे मिटून बाबांचं ध्यान करायचं. "डोळे उघडे राहिले की शंका आत शिरते. उमटलेलं तपासणं हीही शंकाच. शंका शिरली की सिद्धी आटते!"

पहिला मान थोरल्या ताईंचा. एके काळी त्यांच्यासारखं टायपिंग खोलीत कुणाचं नव्हतं. आता बोटं लाकडासारखी झाली होती. टेबलावर केसपेपरचा ढीग साचायचा, आणि साहेब चारचौघांत म्हणायचे, "ताई, जमत नसेल तर घरी बसा." ताईंनी पेशंटचं नाव टाइप केलं, डोळे मिटले, कळा दाबल्या. डोळे उघडले तर अख्खं कार्ड तयार! औषधं कशी घ्यायची, काय टाळायचं, परत कधी यायचं, सगळं जागच्या जागी.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळजीबाई, पाहिलंस ना गं?"

काळजीबाई म्हणजे आपली हीच. तान्हं घरी सासूकडे ठेवून ती कामाला यायची आणि दुपारी घरी फोन करायची. "झोपलाय," असं सासू म्हणाली, की ही विचारायची, "श्वास घेतोय ना?" म्हणून खोलीने हे नाव ठेवलं होतं. तिच्या यंत्राची दीक्षा बाबांच्या पुढच्या फेरीत व्हायची होती.

ढीग वितळले. साहेबांनी बाबांना आपल्या शेजारची खुर्ची दिली, खोलीतला एकुलता एक पंखा त्यांच्याकडे वळवला. "विज्ञान जिथे दमतं, तिथे बाबा सुरू होतात," असं साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि खोलीभर बायका डोळे मिटून हॉस्पिटलचे कागद तयार करत होत्या, साहेब त्यांवर न वाचताच शिक्का मारत होते.

एका सकाळी खिडकीशी एक बाई आली. कडेवर चार वर्षांची मुलगी, तोंडात लिमलेटची गोळी. "कार्ड मिळालं. पण बाई, हिला त्या इंजेक्शनने तोंड सुजलं होतं, श्वास अडकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कार्डावर लिहून येईल. आलंय ना? मला एवढं वाचता येत नाही."

काळजीबाईने कार्ड हातात घेतलं. 'धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे.' तिला हसू आलं. मुलीकडे पाहून ती म्हणाली, "काय गं, सोडलीस का सिगारेट?" मुलगी खुदकन हसली. मग हिची नजर खालच्या ओळीवर गेली.

'औषधांची ॲलर्जी: नाही.'

उद्या कुठल्या तरी दवाखान्यात कुणीतरी हे कार्ड वाचेल, आणि विश्वासाने सुई भरेल. केसपेपरवर डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिने कार्ड फाडलं, सगळं नव्याने टाइप केलं, डॉक्टरीणबाईंची सही आणली. बाईला ती ओळ तीनदा वाचून दाखवली, आणि मगच ताईंच्या टेबलाशी गेली.

"ताई, एकदा डोळे उघडे ठेवून दाबा."

"वेड लागलंय का? सिद्धी गेली तर ही बोटं घेऊन मी जाऊ कुठे?"

"मग मी दाबते. माझ्याकडे सिद्धीच नाही, जाणार काय?"

ताईंनी इकडेतिकडे बघून हळूच दोन कळांकडे बोट दाखवलं. हिने डोळे टक्क उघडे ठेवले, वर "बाबा थापाडे आहेत" असंही मोठ्याने म्हटलं, आणि दाबलं. झरझर तेच कार्ड उमटलं. धूम्रपानासकट.

"म्हणजे माझ्या ध्यानाने नव्हतं होत?" ताईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"तुमच्या बोटांनी होत होतं, ताई."

नणंदेला फोन करून तिने यंत्रातली ही खुबी समजून घेतली, आणि दुपारी बाबा आले तेव्हा ती डॉक्टरीणबाईंना घेऊनच थांबली होती. "साहेब, हे माझं यंत्र. याला दीक्षा नाही. या दोन कळा दाबा."

साहेबांनी सवयीने डोळे मिटले.

"उघडे ठेवा हो!"

पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'चुटकीबाबांनी या पेशंटला कधीही पाहिलेलं नाही.'

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा गरजले, "हिच्या लहरी अशुद्ध आहेत!"

"लहरी राहू द्या," ती म्हणाली. "याला कीबोर्ड शॉर्टकट म्हणतात. सेटिंगमध्ये जायचं, हवा तो मजकूर एकदा चिकटवायचा, त्याला दोन कळा नेमून द्यायच्या. झालं. यांनी कुण्या सिगारेटवाल्या आजोबांचं जुनं कार्ड उचललं आणि सगळ्या यंत्रांत चिकटवलं. डोळे का मिटायला लावले? उघडे असते तर तुम्ही वाचलं असतं."

"पण काम तर पटापट होतंय ना?" साहेब पुटपुटले.

"चूकही पटापट होतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशाने त्या पोरीचा जीव गेला असता."

बाबांना अचानक दुसऱ्या यंत्राची हाक ऐकू आली. झगा सावरत ते जे गेले ते गेले.

शॉर्टकट तिने मोडला नाही. त्याचा काय दोष? ताईंना शेजारी बसवून, त्यांच्याच बोटांनी तिने नवा करून घेतला. सगळ्यांना सारखं असतं तेवढंच एका दाबात उमटतं. औषधांची आणि ॲलर्जीची जागा कोरी राहते, कर्सर तिथेच लुकलुकत थांबतो. तिथे केसपेपर बघून हाताने लिहायचं. जे माणसागणिक वेगळं, ते कळेवर सोपवायचं नाही. ताईंची बोटं वाचली, नोकरी वाचली, आणि डोळे उघडे राहिले.

मग सगळ्यांनी मिळून फोन लावायला घेतले. दीक्षा मिळाल्यापासून जी जी कार्डं घरोघरी गेली, ती ती परत मागवली. एकेक कार्ड आलं, दुरुस्त झालं. एक मात्र राहिलं. एकटे राहणारे दुसरेच एक आजोबा. फोन वाजतो, उचलत कुणी नाही. पत्त्यावर माणूस पाठवला, तर आजोबांनी घर बदललेलं; कुठल्याशा इमारतीत वरच्या मजल्यावर गेलेत, एवढंच कळलं.

तुमच्या जिन्यात असं कुणी नुकतंच हॉस्पिटलमधून घरी आलं असेल, तर हे वाचून झाल्यावर वर जा. दार वाजवा. कुठलं औषध सोसत नाही ते त्यांना विचारा, आणि कार्ड मागून घेऊन ती एक ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.