हँडलवरचा चहाडखोर

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. लाइटचा नव्हे, रिक्षाचा नव्हे, सायकलीचा. काडेपेटीएवढा माझा जीव, वर छोटीशी काच आणि काचेत काळे आकडे. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलं नाही. सात, नऊ, बारा, अकरा, चौदा... एक आकडा दाखवला की तो लगेच शिळा होतो आणि मी पुढच्याच्या मागे लागतो. आता पत्र्याच्या डब्यात पडून आहे, तरी आत चुळबूळ चालूच असते. म्हणून म्हटलं, एकदाचं तुम्हाला सांगून टाकावं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. भारी मीटर चकचकीत खोक्यांत भरले जायचे आणि आम्ही स्वस्तातले साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. पण आमची एक गंमत होती. बाकीच्या मीटरांना चाकापासून हँडलपर्यंत वायर लागायची, मला नाही. चाकाच्या स्पोकला एक चुंबक आणि त्याच्यासमोर फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीला, एक डबी. चाक फिरलं, चुंबक डबीसमोरून गेला की डबी मला हवेतून हाक मारायची. त्या हाका मोजून मी वेग सांगायचो, तासाला किती किलोमीटर. वायरलेस म्हणतात मला! काय तो रुबाब वाटायचा तेव्हा.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका दुकानातून इंदापूरच्या महिपतीमामांनी मला उचललं आणि बारामतीजवळ पिंपळीला आपल्या भाचीच्या सायकलीवर आणून बसवलं. भाचीचं नाव दिपाली. एकोणीस वर्षांची, सडसडीत आणि तोंडानं तिखट. एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत सहा महिने दूध तपासायला शिकायचं आणि मग तिथेच कायमचं लागायचं, असं तिचं ठरलं होतं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहायला लागायचं. एसटी यायची साडेनऊला. म्हणजे सायकलीशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि तिच्या वडिलांना सायकलीचीच धास्ती. वडील म्हणजे दादासो, ती त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. माणूस वाईट नव्हता हो. वांगी, भेंडी पिकवणारा, आपल्या कामाशी काम ठेवणारा. पण मागल्या हंगामात त्यांच्या मित्राचा मुलगा सायकलीसकट उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. त्याला उचलणाऱ्यांत अण्णा होते. तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की त्यांचा हात थांबायचा.

मला बसवताना मामा म्हणाले, "दाजी, आता चिंता मिटली. दिवसभरात जास्तीत जास्त किती जोरात पळवली, ते ह्याच्यात ऱ्हातंय. सांजच्याला हे बटण दाबायचं आन् बघायचं."

अण्णा दिपालीकडे वळले. "वीसच्या वर गेलीस तर सायकल बंद. आधीच सांगून ठिवतो."

"म्हंजी ह्यो चहाडखोर बसवलाय व्हय माझ्यावर?" दिपाली म्हणाली.

माझ्या रुबाबाचा तिथल्या तिथे फज्जा उडाला. मला वाटलं होतं, मी तिच्या हौसेचा. निघालो तिच्यावरच्या पाळतीचा!

तरी सांगतो, मला रस्ता फार आवडायचा. सकाळच्या गारठ्यात आम्ही निघायचो. कामगारांच्या मोटरसायकली आम्हाला मागे टाकून सूं करून जायच्या आणि मला आतल्या आत चेव यायचा. अगं, मार ना पायडल, दाखवू दे मला बावीस! पण दिपाली मोठी नेकीची पोर. उतार आला की ब्रेकवर बोटं. सतरा, अठरा, फार तर एकोणीस. संध्याकाळी अण्णा भाजीचे हात धोतराला पुसत यायचे, बटण दाबायचे, मान हलवायचे आणि आकडा पुसून टाकायचे. दिपाली शेजारी उभी असायची. दोघं एकमेकांशी काही बोलायचे नाहीत. असे दोन महिने गेले.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला आणि आमच्या वाटेवर अगदी डांबराला लागून एक नवं वर्कशॉप उभं राहिलं. ट्रॉल्या बांधायचं काम. सकाळी सातलाच त्यांचं वेल्डिंग सुरू व्हायचं. ठिणग्या उडायच्या, निळा उजेड डोळ्यांत घुसायचा. दिपालीनं तिथून जाताना मान दुसरीकडे वळवली.

आणि तिथेच पहिल्याच दिवशी माझा घात झाला. मी स्वस्तातला, माझे कान साधे. हवेतून आलेली कसलीही कडकड मला माझ्या डबीची हाकच वाटते. वेल्डिंगची ती तडतड कानांवर आली आणि मला वाटलं, बाप रे, चाक किती फिरतंय! चाळीस, पंचावन्न, एकाहत्तर! मी आनंदानं वेडा झालो. दिपालीची मान तिकडे, तिला कळलंच नाही. पुढे गेल्यावर मी पुन्हा तेरावर आलो आणि मला शंका आली. पण पोटात तो आकडा बसलेलाच होता.

संध्याकाळी अण्णांनी बटण दाबलं. मग काच धोतरानं पुसून पुन्हा पाहिली.

"एकाहत्तर," ते शेवटी म्हणाले.

"कायतरीच काय अण्णा!" दिपाली हसायलाच लागली. मग त्यांचं तोंड पाहून थांबली. "मी न्हाय गेले. सतराच्या वर न्हाय गेले, खरंच."

"मग ह्यो कोण सांगतोय?"

"त्यो सांगतोय. मी बी सांगतीया की."

"यंत्राला खोटं बोलायचं काय कारण?" अण्णा म्हणाले. "त्या पोराला मी उचललाय दिपे. ह्या हातानं."

त्यांनी सायकलीला साखळी घातली आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. मी ओरडत होतो, मित्रांनो! अण्णा, मी चुकलो, माझी चूक, तिची नाही! पण माझ्याजवळ आकड्यांशिवाय काय आहे? आणि चाक थांबलं की माझ्याकडे एकच आकडा उरतो, शून्य.

डेअरीचा नियम कडक होता. पाच दिवस लागोपाठ गैरहजर राहिलं तर नाव कमी. दिपाली म्हणाली, चालत जाते. अण्णा म्हणाले, ट्रॉल्यांच्या रस्त्यानं चालत तर मुळीच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. मी कुडाला टेकवलेल्या सायकलीवर तळमळत होतो. दिपाली माझ्यासमोरून घागर घेऊन जायची, पण माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला लाज वाटायची. चौथ्या दिवशी ती न्हाणीच्या मागे जाऊन रडली, ते मी ऐकलं.

ते आणखी एकानं ऐकलं. तिच्या आजोबांनी, जोतीरामआबांनी. आबांची अर्धी हयात मेंढरांमागे गेली होती. मेंढरं विकून शेती केली, तरी डोईचा फेटा आणि खांद्यावरची काठी काही सुटली नव्हती. ते येऊन अण्णांसमोर बसले.

"दादासो, मेंढरू हरवलं तर आपण काय करायचो?"

"आलेल्या वाटंनं माघारी जायचो."

"का?"

"कुठं हरवलं ते वाटंलाच ठावं असतंय."

"मग ह्यो एकाहत्तर कुठं घावला, ते बघाय नको व्हय? उद्या सायकल तू ढकलायची. पायी. वाट तीच आन् येळ बी तीच. पोरगी संगं चालंल, मी बी येतो."

"आबा, उगं काय..."

"पोरीला इचारलंस का तू? आकड्याला इचारलंस. उद्या चाल."

पाचव्या दिवशी साडेसहाला निघालो. अण्णांचे दोन्ही हात हँडलवर, बाजूला काठी टेकत आबा, मागे डेअरीचा पांढरा कोट पिशवीत घातलेली दिपाली. चार, पाच, चार, पाच. असला मंद वेग मी आयुष्यात दाखवला नव्हता, पण त्या दिवशी माझी तक्रार नव्हती. मला पुढचं वर्कशॉप दिसत होतं. चला लवकर, चला! पावणेआठ होत आले होते. आठ वाजता दिपालीचं नाव जाणार होतं. आणि वेल्डिंग आज बंद असलं तर?

वर्कशॉपसमोर आलो. सगळं शांत. माझी आशाच मावळली. आबाच थांबले आणि फेट्याचं टोक बांधत बसले. अण्णाही सायकल धरून उभे राहिले.

एवढ्यात तडतड सुरू झाली.

एकोणतीस. सेहेचाळीस. चौसष्ट!

सायकल उभी. चाक उभं. अण्णांनी काच पाहिली, वाकून चाक पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"आबा," ते पुटपुटले, "हे उभ्या उभ्या चौसष्टनं पळतंय."

आबा खो खो हसले. "आरं, मग मला बी पकड! मी एवढा जोरात कवाच न्हाय पळालो!"

दिपाली हसली नाही. ती वडिलांकडे बघत होती. "अण्णा, मी सांगितलं व्हतं."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू सांगितलं व्हतंस."

मग त्यांनी मला हँडलवरून ओढून काढलं आणि सायकल तिच्या हातात दिली. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, बहुतेक 'हळू जा'च असणार, पण ते त्यांनी गिळलं.

"तुला कळतंय," ते म्हणाले. "जा."

ती गेली. अण्णा मला मुठीत धरून रस्त्याकडे बघत उभे. तडतड चालूच होती आणि मी त्यांच्या मुठीत, चाक नाही, सायकल नाही, तरी एक्कावन्न, अठ्ठावन्न, साठ करत होतो. असलं खुळ्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही. खरा आकडा तिकडे रस्त्यावर चालला होता, आणि तो मोजायला मी तिथे नव्हतो.

पुढे दिपाली त्याच डेअरीत कायमची लागली. मला काही परत हँडलवर बसवलं नाही. डब्यात टाकलं, आणि कोणी आठवणीनं बॅटरी न काढल्यामुळे ती आतच पाझरली. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याकडे असेल तर वापर नसताना बॅटरी काढून ठेवत जा, तेवढं कराच. पण माझी खरी विनवणी दुसरीच आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांच्या खिशात होतो. दिपालीची सायकल अंगणात थांबली. अण्णांचा हात सवयीनं खिशाकडे आला, माझ्यावर टेकला आणि तसाच माघारी गेला.

"पोचलीस का येळंवर?" त्यांनी विचारलं.

"चार मिन्टं ऱ्हायली व्हती."

"आन् जाताना?"

"एकदा पळवली अण्णा. उतारावर. वीसच्या वर गेली आसंल."

अण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. हात-पाय धू, जेवाय चल."

इतका मोठा आकडा मी आयुष्यात दाखवला, पण तो खोटा होता. तिनं तिचा खरा आकडा स्वतःच सांगितला, कारण त्या दिवशी तिला कोणीतरी विचारलं. मित्रांनो, तुम्हीही आधी माणसाला विचारा. मग हवं तर माझ्याकडे बघा.