उजवीकडचा दांडा

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमच्या दालनातला एक जुना, कपाटाएवढा गेम आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून मारामारी करायची, असा. माझ्या पडद्यावरचे पैलवान एकमेकांना उचलून आपटतात, आगीचे गोळे फेकतात. पण खरं सांगतो, माझ्याइतका भित्रा या दालनात दुसरा कोणी नाही.

माझी भीती कळायला आधी माझा खेळ कळायला हवा. माझ्या फळीवर दोन दांडे आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाजवळ फटक्यांची बटणं आहेत. पडद्यावर वर दोघांच्या जिवाची एकेक पट्टी असते आणि फटका बसला की ती आखूड होते. फटका अडवायला मात्र वेगळं बटण नाही. दांडा शत्रूपासून लांब, आपल्या पाठीकडे ओढला की पैलवान हात आडवे धरतो. नुसतं अडवतच बसलात तर समोरचा जवळ येऊन मानगूट धरतो आणि आपटतो. अगदीच कोपऱ्यात सापडलात तर उंच उडी मारून शत्रूच्या पलीकडे जायचं. मग दोघांच्या जागा बदलतात, आणि पाठही दुसऱ्या बाजूला येते.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. शेजारी विमानाचा गेम होता. आम्हाला बोलता येत नसे, पण त्याच्या दांड्याची टिक् टिक् ऐकू आली की मला धीर यायचा.

अडवायला दांडा बोटभर ओढला तरी पुरतो. दांड्याखाली प्रत्येक दिशेला वेगळा छोटा स्विच असतो, त्या बाजूचा टिक् करतो, झालं काम. पण घाबरलेल्याला हे कोण सांगणार? तो जीव मुठीत धरून दोन्ही हातांनी ओढतो. आमच्याकडे डावी बाजू सरावलेल्यांची. नवखे, लहान, हमखास हरणारे, सगळे उजवीकडे भिंतीलगत उभे राहायचे. त्या सगळ्यांची भीती उजव्या दांड्याच्या भिंतीकडच्या एकाच स्विचने वर्षानुवर्षं सोसली, आणि एक दिवस तो तुटला.

बाहेरून कोणाला काही दिसलं नाही. गेम कधी अडवतो, कधी नाही, एवढंच लोक म्हणू लागले. कोणी माझ्या कुशीत गुद्दे मारले, कोणी लाथ. मग माझ्याकडे फारसं कोणी फिरकेना.

शेवटी मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आधी शेजारच्या विमानाच्या गेमची पाठ उघडली. त्याचा पडदा कधीच काळा पडला होता. तारा उपसल्या, दांडा उपटला, सुटे भाग खोक्यात टाकले. मी हातभर अंतरावर उभा होतो. मला डोळे मिटता येत नाहीत. मग तो माझ्याकडे वळला आणि उजव्या बाजूने दोन मिनिटं खेळला.

"मावशी, याच्या मनात येईल तेव्हा अडवतो हा. मेंदू गेलाय याचा. जेवून येतो, मग यालाही मोकळा करतो."

जाताना त्याने स्क्रू ड्रायव्हर माझ्याच फळीवर ठेवला. मित्रांनो, ते जेवण संपूच नये असं मला वाटत होतं.

तेवढ्यात दोघी बहिणी आल्या. थोरली शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते, धाकटी शाळेत जाते. जी हरेल तिने माझी काच पुसायची, हा त्यांचा नेम. कित्येक दिवस काच धाकटीच पुसत होती.

"शेवटचं खेळून घ्या गं," मावशी म्हणाल्या. "तो जेवून आला की हा गेम जाणार."

धाकटी नेहमीसारखी उजवीकडे उभी राहिली. पहिली फेरी थोरलीने चुटकीसरशी जिंकली.

"ताई, मी ओढतेय गं, पण हा अडवतच नाही!"

"नाचता येईना अंगण वाकडं! रुमाल काढून ठेव."

दुसऱ्या फेरीत धाकटी कोपऱ्यात सापडली. जिवाची पट्टी नखाएवढी उरली. तिने घाबरून उडी मारली आणि ताईच्या पलीकडे पडली. ताईची लाथ आली. धाकटीने दांडा ओढला, आणि लाथ अडली! पुन्हा आली, पुन्हा अडली.

"ताई, मार मला."

"मारतेच तर आहे!"

"अजून मार. अडतंय बघ." मग तिने मुद्दाम उडी मारून पहिली जागा घेतली. "आता मार."

लाथ बसली. पट्टी संपली. धाकटी हरली आणि टाळ्या पिटत सुटली.

"अंगण खरंच वाकडं आहे ताई! पण या एकाच बाजूला!"

दुरुस्तीवाला हात पुसत दारातून आत आला आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. माझ्या पोटातला पंखा घरघरू लागला. धाकटी माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"काका, मेंदू गेला असता तर त्या बाजूनेही अडलं नसतं."

"आता तू शिकव मला," तो म्हणाला.

"बघ रे एकदा," मावशी म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

त्याने फळी उचलली. संपलं, असं मला वाटलं. बराच वेळ तो खाली वाकून बघत होता.

"पोरगी बरोबर बोलतेय. स्विच तुटलाय. बाकी ठणठणीत आहे हा."

"मग नवा बसव."

"नवा कुठला, मावशी? असले स्विच आता मिळत नाहीत."

मग त्याची नजर खोक्याकडे गेली. माझ्या शेजाऱ्याच्या दांड्याखालचा स्विच त्याने काढला आणि मला बसवला. दांडा ओढून बघितला. टिक्. तो आवाज मी अंधारातही ओळखला असता.

दोघी पुन्हा खेळल्या, आणि त्या दिवशी काच थोरलीने पुसली.

खोका अजून मावशींच्या टेबलाखाली आहे. दुरुस्तीवाला आला की माझा पंखा अजून घरघरतो. मित्रांनो, खेळताना घाबरलात तर खुशाल घाबरा, मीही घाबरतो. पण उजवीकडचा दांडा बोटभरच ओढा. त्याच्याखाली माझा शेजारी आहे.