तीन मिनिटांची गाठ

कायद्याच्या पुस्तकात माझ्या डाव्या हाताची किंमत साठ टक्के लिहिलेली आहे. हात मनगटातून गेला की साठ. मग तो कारकुनाचा असो, किराणा दुकानदाराचा असो, नाहीतर चौतीस वर्षं यंत्रमागावर घालवलेल्या जॉबरचा असो. ऋतुजा वकीलबाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावरच उखडलो.

"आन उरलेल्या चाळीस टक्क्यात मी काय करू? टाळ्या वाजवू?"

त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. वय जेमतेम तिशीचं. जेऊरकडच्या धनगराची पोर, वडील अजून मेंढरं राखतात. तापट माणसं आणि हट्टी मेंढरं यांची तिला सवय असावी. म्हणाली, "काका, त्याचसाठी तर भांडायचंय. हात साठ टक्के गेला आसंल, पर तुमचं काम शंभर टक्के गेलंय. एका हातानं जॉबरचं काम हुतं का? न्हाय होत. एवढंच कोर्टाला पटवायचंय."

ऐकायला सोपं होतं. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा, सुताचं भरलेलं बीम मागावर चढवणारा, तुटलेल्या तारा जोडणारा. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात बीम चढवताना साखळी निसटली आणि ते धूड माझ्या डाव्या हातावर आलं. साखळी झिजली आहे, असं मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. बसलिंगप्पा मालक माणूस वाईट नाही, पण ऐकू येऊनही न ऐकण्याची कला त्यांना चांगली अवगत आहे. हात चिरडला, मग चिघळला, आणि डॉक्टरांनी मनगटातून काढून टाकला. मालकांनी विमा कंपनीकडे बोट दाखवलं आणि विमा कंपनीनं पुस्तकातल्या साठकडे.

साठवर भागलं तर मला सोलापूर सोडावं लागणार होतं. नीलम नगरातली खोली भाड्याची. लेक सिद्धेश्वरी तिकडं कर्नाटकात, इंडीला दिलेली. ती दर रविवारी फोनवर एकच धोशा लावायची, "अप्पा, इकडं या की." जावई भला आहे. पण उभा जन्म स्वतःच्या हातानं मिळवून खाल्लेल्या माणसानं जावयाच्या ओसरीवर बसून चहाची वाट बघायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. शंभर टक्के मिळाले तर खोली राहणार होती, आणि खोलीत मी.

आता त्या खोलीबद्दलही सांगतो. बायको, दानम्मा, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा कारखाना होता. चोवीस मागांच्या खडखडाटात माणसाला दुःख करायलाही सवड मिळत नाही. हात गेला आणि मी शांततेत येऊन पडलो. इतकी शांतता मला आयुष्यात माहीत नव्हती. शेजारच्यांचा कुकर वाजला तरी बरं वाटायचं. बोलायला गेलो तर माझा आवाज मोठा, कारखान्याच्या सवयीचा. शेजारची मुलं दचकायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं. काही दिवस असे गेले की रात्री झोपताना लक्षात यायचं, आज आपण एक शब्द बोललो नाही.

एकदा मंगळवार बाजारात सूत गुंडाळलेला एक जुना कोन दिसला. घेतला. घरी आलो, खाटेच्या पायाला तार बांधली, तोडली, आणि एका हातानं जोडायला बसलो.

विणकराची गाठ म्हणजे गंमत नसते. दोन तुटकी टोकं चिमटीत घ्यायची, एकावर एक चढवायची, वळसा द्यायचा, ओढायची. गाठ इतकी बारीक पडली पाहिजे की मागाच्या फणीतून न अडकता पार जाईल. माझी गाठ बोट फिरवलं तरी हाताला लागायची नाही, असं अख्खा कारखाना म्हणायचा. दोन हातांनी पापणी लवायच्या आत पडायची. एका हातानं पडेना. एक टोक दातात धरलं, दुसरं अंगठ्याखाली. तार तुटायची, ओठ कापायचे, मी सुताला शिव्या घालायचो, खाटेला घालायचो, वर दानम्मालाही घालायचो. सात महिन्यांनी पहिली गाठ पडली. तिला गाठ म्हणवत नव्हतं, पण पडली. मी मोठ्यानं म्हणालो, "बघ की!"

खोलीत कोणी नव्हतं. कोन संपला, दुसरा आणला. हे मी वकीलबाईंना सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं त्यांनी.

साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावून पढवलं. "उद्या विम्याचे वकील गोड बोलतील. ते लई गोड बोलतात. जे येत न्हाय ते न्हाय म्हणा. खोटं बोलू नका, पर फुशारकीबी मारू नका."

"मी आन फुशारकी?" मी म्हणालो.

"तुमीच," ती म्हणाली.

कामगार न्यायालयात दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा मालक आले होते. त्यांच्याबरोबर अण्णाराव होता. अण्णाराव माझ्या शेजारच्या मागांवर वीस वर्षं होता. मालकांनी त्याला साक्षीसाठी आणलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नजर खाली वळवली. त्याचं चुकलं नाही. त्याला अजून त्याच मागावर उभं राहायचं होतं.

विम्याचे वकील खरंच गोड बोलले. प्रकृती विचारली, दानम्मा गेल्याचंही विचारलं. मग म्हणाले, "अहो ईरप्पा, कारखान्यात ऐकलं मी. तुमच्या गाठीला म्हणे तोड नव्हती. हाताला लागायची नाही."

"अजूनबी लागत न्हाय," मी म्हणालो.

वकीलबाईंची मान झटकन वर आली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"म्हणजे अजून येते?" विम्याच्या वकिलांनी खिशातून सुताची दोन टोकं काढली. तयारीनंच आले होते. अण्णारावानं कधीतरी माझ्या दारावरून जाताना मला बघितलं असणार, हे मला पुढं सुचलं.

वकीलबाई उठल्या, हरकत घेतली. न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "ईरप्पा, तुमच्यावर सक्ती नाही. नको असेल तर करू नका."

सरळ नको म्हणायचं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सुताचा कोन आणून चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांत मला 'दाखवा' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. शत्रूचा वकील का होईना, माणूस होता, माझ्या गाठीबद्दल विचारत होता.

मी टोकं घेतली. एक दातात धरलं. कठड्यावर तार दाबली, अंगठ्यानं वळसा दिला. एकदा निसटली. पुन्हा घेतली. कपाळाचा घाम डोळ्यात आला, तो पुसायला दुसरा हात नव्हता. शेवटी ओढली. पडली. बारीक, गोल, जशी पडायला हवी तशी.

वर बघितलं. अण्णाराव मालकांच्या शेजारी बसल्या बसल्या विसरून गेला होता की तो कोणाचा साक्षीदार आहे. त्यानं हात उचलला आणि चिमटीनं हवेत तार ओढून दाखवली. कारखान्याच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणांनी बोलतो. त्या खुणेचा अर्थ, पक्की. तेवढ्या क्षणापुरता मी खूप सुखी होतो. लपवून काय करू?

मग साहेबांनी सांगितलेलं टायपिस्टनं मोठ्यानं वाचत टाइप केलं. "साक्षीदाराने एका हाताने गाठ मारून दाखवली." मी वकीलबाईंकडे बघायचं टाळलं. स्वतःच्या हातानं, म्हणजे उरलेल्या एकाच हातानं, मी इंडीचं तिकीट काढलं होतं.

विम्याचे वकील बसले. वकीलबाई उठल्या. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. ती शांतपणे म्हणाली, "काका, कारखान्यात ही गाठ मारायला किती वेळ लागायचा?"

"वेळ कसला? पापणी लवली की झाली."

"आन आत्ता किती लागला?"

"घड्याळ कुटं बघतोय मी?"

"मी बघत होतो," साहेब म्हणाले. "तीन मिनिटं." आणि टायपिस्टला तेही लिहायला सांगितलं.

"ही गाठ शिकायला किती दिवस लागले?"

"चौदा महिनं."

"रोज बसायचा?"

"रोज. दुसरं काय करणार? घरात कोण हाय?" हे मला सांगायचं नव्हतं. अण्णारावासमोर तर नव्हतंच. पण एकदा तोंड उघडलं की माझं असंच होतं.

"चौदा महिन्यांत एवढं शिकलात. मग असं काय हाय, जे अजून येत न्हाय?"

तिला बहुतेक बीम चढवणं, पाना फिरवणं, असलं काहीतरी हवं होतं. मीही तेच सांगायला तोंड उघडलं. पण माझा हात आपोआप छातीशी गेला, गळ्यातल्या चांदीच्या डबीवर, करडगीवर. तिच्यात इष्टलिंग असतं. आमच्यात ते जन्मापासून अंगावर असतं, अंगावरच राहतं. रोज सकाळी आंघोळ करून ते बाहेर काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं भस्म, फूल वाहायचं. देवाची जागा म्हणजे डावा तळहात. आमच्या देवाला देव्हारा लागत नाही.

"पूजा येत न्हाय," मी म्हणालो. "देव ठेवायला हात न्हाय. दवाखान्यातनं आल्यावर एकदा करडगी उघडली, कुटं ठेवू कळंना, परत झाकली. तवापासनं उघडली न्हाय. गाठ दातात धरता येती. देव कसा दातात धरू?"

माझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. भिंतीवर आपटून परत आला. बसलिंगप्पा मालकांचा हात सदऱ्यावरून स्वतःच्या छातीवरच्या करडगीवर गेला, आणि त्यांनी मान खाली घातली ती घातलीच.

विम्याचे वकील हळूच म्हणाले, "साहेब, याचा कामाशी संबंध नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग टायपिस्टला म्हणाले, "बरोबर आहे. हे लिहू नका."

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना म्हणालो, "फुशारकी मारली."

"व्हय," ती म्हणाली. तेवढंच. मला रिक्षात बसवून ती पुढच्या कामाला गेली.

निकाल तीन महिन्यांनी लागला. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा दुपार होती, मी भाकरी खात होतो. "काका, शंभर टक्के. साहेबांनी लिवलंय, तीन मिनिटाला एक गाठ मारणारा मागावर काम करू शकत न्हाय. तुमची गाठच कामी आली बघा."

खोली राहिली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण मी विचारलं, "गाठ पक्की हुती, असं लिवलंय का?"

"न्हाय काका. 'संपूर्ण असमर्थ' असं लिवलंय."

"लिवायला पायजे हुतं की."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ती तार मी ठेवलीय. कठड्यावर तशीच पडली होती. फायलीत चिकटवलीय. मधे एकदा ओढून बघितली. सुटत न्हाय."

"सुटणार न्हाय," मी म्हणालो. आणि फोन ठेवला. भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. पाटावर बसलो. करडगी गुडघ्यांत धरली आणि अंगठ्यानं उघडली. देव उजव्या तळहातावर घेतला. असा घेतात का, कुणाला विचारलं नाही. दीड वर्षानं बाहेर आला होता. हलका वाटला.

भस्म समोर वाटीत होतं. फूलही आणलं होतं. ते वाहायला आता हात नव्हता. मी तसाच बसलो. शेजारी कुकर वाजला, पोरं शाळेला गेली, मग सगळं शांत झालं. हात भरून आला तरी मी देवाला खाली ठेवलं नाही.