बिननावाच्या डबीचा निरोप

झाकणाला आतून चिमुकला चमचा असलेली डबी तुम्ही कधी पाहिली आहे? तीच मी. कारखान्यात माझ्यासारख्या ढिगाने होत्या. एकटं वाटणं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं.

इस्पितळात सिस्टरांनी मला उघडलं आणि काचपेटीतल्या बाळाच्या लंगोटातली चमचाभर शी माझ्यात भरली. हसू नका. नवजात बाळाच्या पोटात कोणते जिवाणू राहायला येतात, हे शोधायला ती हवी होती.

बाळाची आई शेजारी खुर्चीत बसली होती. बाळंतपणानंतर तिला ताप चढला, म्हणून बाळ तिच्यापासून दूर ठेवलं होतं. आता कुठे त्याला छातीशी धरायला मिळू लागलं होतं.

"ताई, तुमचीही लागेल," सिस्टर दुसरी डबी पुढे करत म्हणाल्या.

"माझी? इतक्या आग्रहाने आजवर कुणी काही मागितलं नव्हतं."

दोघी हसल्या. मग आई हळूच म्हणाली, "सिस्टर, याच्यात माझं काही असेल का हो? नाक सासूबाईंचं. दूध दुग्धपेढीतलं, दुसऱ्या बायांचं. मी आपली पाहुण्यासारखी येऊन बसते."

"तपासतील ना," म्हणत सिस्टरांनी माझ्यावर आणि आईच्या डबीवर जोडीचे आकडे चिकटवले. नाव नाही.

पुढे प्रयोगशाळेतला फ्रीझर. दार उघडायचं, उजेड यायचा, हात शेजारच्या डबीकडे जायचा. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोटात गोठून पडलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं.

अखेर एका संशोधक मुलीने मला बाहेर काढलं. माझ्यातल्या जिवाणूंची जनुकं यंत्राने अक्षर अक्षर लावून वाचली.

"सर, हे बघा. बाळातला हा जिवाणू आणि जोडीच्या डबीतला आईचा, एकाच घराण्यातले. आईकडूनच आलाय."

"छान. तक्त्यात टाक."

"तिला कळवायचं का?"

"कुणाला? आपल्याकडे आकडे येतात, नावं नाहीत. नियमच आहे तसा."

तिने तक्त्यात माझा आकडा भरला. मग तिने पुढची डबी उघडली.

आता मी रिकामी, जाळायच्या पिशवीत पडले आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तेवढा निरोप मात्र राहिला. तिचं नाव मलाही ठाऊक नाही. बाळाचं नाक आजीवर गेलंय, एवढंच माहीत आहे. कुठे भेटलीच, तर सांगा तिला. म्हणावं, तुम्ही पाहुण्या नव्हता.