विहिरीला मालक हवा

आमच्या कंपनीत वजनकाटे बनतात. सोन्याच्या कणापासून भरलेल्या ट्रकपर्यंत काहीही तोलून देऊ, अशी पाटी दारावर आहे. आत मात्र कुणीच तोलून मापून बोलत नाही. अपवाद एकच, आमचे साहेब. ते इतकं तोलतात की शब्द बाहेरच पडत नाही. ते माझे थोरले दीरही आहेत, त्यामुळे ऑफिस सुटलं तरी माझी सुटका नाही.

घरी आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी लग्न केलं नाही. ते आमच्याकडे राहतात. खरं तर आम्ही त्यांच्याकडे राहतो, पण स्वयंपाक मी करते म्हणून घर माझं, असं मी धरून चालते. ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणतात आणि घरी काहीच म्हणत नाहीत. जेवायला बसतात, खाली मान घालून जेवतात, उठतात. चांगलं नाही, वाईट नाही. भिंतीशी बोललं तर निदान आपला आवाज तरी परत येतो.

कंपनीचे संगणक मी सांभाळते. जिन्याखालच्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. आल्यागेल्या प्रत्येक ईमेलची एक प्रत त्यात साठते, म्हणजे उद्या कुणी हात वर केले तर दाखवायला पुरावा. यंदा तो म्हातारा आचके द्यायला लागला. तेव्हा हा सगळा साठा क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीच्या भाड्याच्या जागेत, हलवायचं मी सुचवलं. रात्रंदिवस खपून योजना केली, मीटिंगमध्ये मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "बघू."

बघू! तोंडाने कौतुकाचा एक शब्द नाही. माझं डोकं असं तडकलं की मी सरळ विहिरीवर गेले.

विहीर म्हणजे आमच्याकडचा एक ईमेल पत्ता. मी येण्यापूर्वी एका तिरसट मेलवरून दोन विभागांत हमरीतुमरी झाली होती, म्हणून तेव्हाच्या हेडक्लार्कनी तो सुरू केला. नियम साधा. राग आला की मनसोक्त लिहायचं, पण ज्याच्यावर आलाय त्याला न पाठवता विहिरीत टाकायचं. तिथून काही वर येत नाही आणि तिथलं कुणी वाचत नाही. हेडक्लार्क निवृत्त झाले, विहीर राहिली. आजही कुणी टेबलावर मूठ आपटली की शेजारचा म्हणतो, "टाक विहिरीत." अकाउंटंट तर रोज डबा उघडण्याआधी एक टाकतो. त्याशिवाय त्याला भूक लागत नाही.

मीही टाकत आले. माझी खुर्ची कुरकुरते म्हणून. दादा सकाळी पेपर आधी घेतात आणि त्याचा पार चोळामोळा करून ठेवतात म्हणून. कधी 'भाजी बरी झाली' म्हणत नाहीत म्हणून. लिहिलं की मन हलकं व्हायचं, आणि योगायोग असा की पाठोपाठ काहीतरी सुधारायचंही. खुर्चीला कुणीतरी तेल घातलं. पेपर नीट घडी होऊन माझ्या कपाशेजारी यायला लागला. मी नवऱ्याचं कौतुक केलं आणि त्या लबाडाने ते घेतलंही. एकदा तर दादा ताटावरून उठताना "बरी झालीय" म्हणाले. इतकं हळू, की मला वाटलं खुर्ची सरकली.

पण त्या 'बघू'नंतर मी विहिरीत धोंडाच टाकला. 'आता बास. मी वेगळं बिऱ्हाड करणार. बाजारामागच्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या दुकानावर, दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. बसू दे यांना एकट्याला भिंतीकडे बघत.' खोल्या खरंच बघितल्या होत्या. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंजुरीची सही टेबलावर आली, राग निम्मा उतरला आणि मी कामाला लागले.

ज्या कंपनीकडे साठा जायचा होता तिथली एक मुलगी फोनवरून मदत करायची. आमच्या लोकांनी तिचं नाव ढगवाली ठेवलं. पोरगी गोड बोलायची, पण सोडायची नाही.

"मॅडम, एका मेलपेटीला मालकच नाही," ती म्हणाली. "आणि सगळ्यात फुगलेली तीच आहे. आमच्याकडे बिनमालकाची पेटी चालत नाही."

"ती विहीर आहे. बुजवून टाक."

"पुसता नाही येणार, मॅडम. साठ्यात आलं ते कायमचं. पुसायचंच असेल तर तुमच्या साहेबांची लेखी परवानगी लागेल. आणि वापरातली पेटी कशाला पुसता? रोज सकाळी कुणीतरी ती उघडून वाचतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण?"

"इथून नाव दिसत नाही. हलवून झाली की कळेल. उद्या सांगते."

हे मी फक्त अकाउंटंटला सांगितलं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं. त्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही. साहेबांच्या टायवर त्याने चांगल्या यमक जुळवलेल्या कविता टाकल्या होत्या म्हणे. दुपारनंतर ऑफिसात जो तो दुसऱ्याशी साखर पेरून बोलायला लागला. 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' करत दोन विभागप्रमुख दारातच अडकले. चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर अख्खी कंपनी चोर.

इतरांना नोकरीची काळजी होती. मला त्या दोन खोल्यांची. जो कुणी वाचत होता तो आज ना उद्या दादांच्या कानावर घालणार. मी कितीही चरफडले तरी या माणसाने माझ्या नवऱ्याला हाताला धरून वाढवलं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा न बोलता मोठी खोली रिकामी करून स्वतःची गादी मागच्या लहान खोलीत नेली होती. आपण घर सोडणार हे त्यांना तिसऱ्याच्या तोंडून कळावं, याची मला मनापासून लाज वाटली. आणि भीतीही. एकदा ते कळलं की मग कसली जेवणं आणि कसलं घर.

उपाय एकच होता, आणि तो इकडे आड तिकडे विहीर असा. साहेबांना घातलेल्या शिव्या पुसायच्या तर साहेबांचीच सही हवी.

मी केबिनमध्ये गेले. साहेब बारीक काट्याच्या तपासणी खोलीतून नुकतेच आले होते. त्या खोलीत बोलायला बंदी आहे. नुसत्या श्वासानेही काटा हलतो. कंपनी वडिलांची, त्यामुळे दादा लहानपणापासून त्याच खोलीत वाढले.

"साहेब, थोडा जुना कचरा आहे. हलवण्याआधी पुसावा म्हणते. इथे सही हवी होती."

"कुठली पेटी?"

"ती... विहीर."

त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"पुसू नका. सगळी हलवा. एकही मेल हरवता कामा नये."

"पण तिला मालक लागतो."

"तुमचं नाव घाला, मॅडम," साहेब म्हणाले आणि समोरच्या कागदात डोकं घातलं.

मी बाहेर आले. पेटी माझ्या नावावर झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढगवालीचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन, एकही मेल हरवली नाही! आणि तो वाचणारा सापडला. तुमचे साहेबच आहेत. हेडक्लार्क गेले त्या दिवसापासून किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याकडे. कालपासून मात्र त्यांनी आपलं नाव काढून घेतलंय."

मी फोन ठेवला. खुर्ची मागे सरकवली. ती कुरकुरली नाही. मला पेपरची घडी आठवली, ते 'बरी झालीय' आठवलं. आपल्यावरची सगळ्या ऑफिसची मुक्ताफळं हा माणूस रोज सकाळी चहाबरोबर गिळत होता आणि मग उठून खुर्च्यांना तेल घालत होता. ते दोन खोल्यांचं तर त्यांनी कधीच वाचलं होतं. वाचून त्याच दिवशी माझ्या योजनेवर सही केली होती. इतकी खजील मी आयुष्यात झाले नव्हते.

तेवढ्यात पडद्यावर विहिरीत नवी मेल पडली. क्लाउडवरची पहिलीच. पाठवणारे साहेब.

'तक्रार आहे. धाकट्या भावाची बायको वेगळं बिऱ्हाड करणार आहे. चूक तिची नाही. मला बोलता येत नाही. काट्याजवळ बोलू नये, काटा हलतो, असं वडील सांगायचे. काट्याजवळून उठल्यावर बोलायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही. तिची योजना उत्तम होती. मीटिंगमध्ये म्हणायला हवं होतं. घड्याळवाल्याच्या वरच्या खोल्या मी बघून आलो. तिथे ऊन येत नाही आणि नळाला पाणी बारीक आहे. जायचंच असेल तर चांगली जागा शोधून देईन. पण जाऊ नये असं वाटतं. कुणावर आहे माहीत नाही, पण राग आला म्हणून लिहिलं.'

मी दोनदा वाचली. मग जिन्याखालच्या खोलीत गेले, त्या म्हाताऱ्या सर्व्हरशेजारी बसले आणि चांगली हमसून रडले. अकाउंटंट दारातून डोकावून म्हणाला, "कुणाला काढलं?" मी म्हटलं, "जा, डबा खा."

विहिरीतून उत्तर द्यायची पद्धत नाही, म्हणून मी दिलं नाही. संध्याकाळी घरी ताटं वाढली. नवरा शाळेत शिकवतो, तो तिथल्या गमती सांगत होता. दादा खाली मान घालून जेवत होते. मी जेवत नव्हते, नुसती बघत होते.

दादांनी घास थांबवला. घसा खाकरला.

"भाजीत मीठ कमी आहे," दादा म्हणाले. चांगलं मोठ्याने.

मला इतका आनंद झाला की मी मिठाची बाटली उचलून त्यांच्यापुढे आदळलीच.

"आज कळलं होय? मग इतकी वर्षं काय करत होता?"

"खात होतो," दादा म्हणाले.