मोनालीचा फोल्डर उघडेना

खंडेनवमीच्या सकाळीच माझा पारा चढला होता. मोनालीच्या लग्नाच्या अल्बमचं डिझाइन दुपारपर्यंत जळगावच्या लॅबला पोचलं, तरच अल्बम वेळेत छापून मिळणार होता. परवा ती नवऱ्याबरोबर मस्कतला निघणार. एरंडोलला स्टुडिओ टाकल्यापासून माझं हे पहिलंच मोठं काम, आणि फायली पाठवायचं सॉफ्टवेअर एकच पालुपद लावून बसलेलं: ‘फोल्डर उघडता येत नाही.’

लॅबमधला ललित फोनवर होता. त्याच्या सांगण्यावरून पासवर्ड पुन्हा टाकला, अँटिव्हायरस बंद केला, लॅपटॉप बंद करून चालू केला.

“आमच्याकडचा फोल्डर उघडतोय?”

“उघडतोय.”

“मग दिपमालाताई, घोळ तुमच्याकडे आहे. तुमचा फोल्डर कुठे आहे?”

“हार्ड डिस्कमध्ये.”

“ती नीट जोडलीय ना?”

काय हा प्रश्न! मी रागारागाने टेबलामागे हात घातला. वायर होती, डिस्क नव्हती.

ती देवघरात सापडली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पाटावर विळा, कुऱ्हाड, मामंजींचा पाना आणि शेजारी हळदकुंकू लावलेली माझी डिस्क. अवजारांची पूजा झाली होती.

मी हात पुढे केला तशा सासूबाई कडाडल्या, “हात लावू नको! पूजा मांडेल शे. आज काहीच हालाडानं नही.”

“पण आई, ही कशाला ठेवलीत?”

“कशाले म्हंजे? तुना हातनं हत्यार शे ना ते?”

आजवर माझ्या कामाला ‘फोटूना खेय’, फोटोंचा नुसता खेळ, म्हणणारी ही बाई! माझा राग कुठल्या कुठे पळाला. खरं सांगते, डोळे भरून आले. पण मोनालीचं काय?

“मंग तुनं मशीन आठे लई ये,” सासूबाई म्हणाल्या.

मी लॅपटॉप घेऊन पाटासमोर बसले आणि डिस्क न हलवता वायर जोडली. फोल्डर उघडला! फायली जाऊ लागल्या, तोच सासूबाईंनी लॅपटॉपलाही कुंकू लावलं. नेमका तेव्हाच पडद्यावर प्रश्न आला, लॅबकडची जुनी फाइल बदलायची का? आता लॅपटॉपही पूजेत. मी हात मांडीवर ठेवून सासूबाईंकडे पाहत राहिले.

“पूजा मी मांडेल शे, मी लावस हात. कोठे दाबू?”

मी एंटर दाखवलं. हळदीचं बोट त्यावर टेकलं. थोड्या वेळाने ललित फोनवर ओरडला, “आल्या ताई, सगळ्या आल्या!”

सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला.

“मीच धाडेल शेत,” त्या त्याला म्हणाल्या. “आते अल्बम बेस कर, भाऊ. आमनी दिपमालानं काम शे.”